जिवंत नावाचा रंग

शनिवार, १६ फेब्रुवारी १९९१, लिव्हरपूल

ही वही खरं तर कामासाठी आणली. सोमवारी ग्रंथालयाच्या साहेबांनी बोलावून सांगितलं की सप्टेंबरात प्रदर्शन भरवायचंय, 'तीन बंदरांतले जुने चिनी मोहल्ले'. आमचा पिट स्ट्रीट, लंडनचं लाइमहाउस आणि रॉटरडॅमचं काटेनड्रेख्ट. तिघांची तुलना करून चाळीस पानं लिहायची. "तुझ्याइतकं योग्य दुसरं कोण, नोरीन?" म्हणाले. म्हणजे बाप चिनी आहे म्हणून. मला चिनी अक्षर एकही वाचता येत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी ते कानाआड केलं.

काल आमचं नवं वर्ष सुरू झालं. बाबांसाठी आलं घालून मासा वाफवला. दोन घास खाल्ले नि ताटली सरकवली. फुप्फुसं गेली आहेत. उन्हाळा बघतील असं धरून चालू नका, असं डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलंय. बाबांनाही ते ठाऊक आहे. चिनी मोहल्ल्यांची तुलना करताना काय बघायचं, असं मी विचारलं, त्यांचं मन जरा रमावं म्हणून. म्हणाले, "मेलेली माणसं कुठे ठेवलीत ते बघ. दुकानं काय, कुठेही निघतात."

आणि मग, अगदी चहा आण असं सांगावं तसं: "पोरी, आईच्या दगडावरचं माझं नाव धुऊन टाक."

आई जाऊन बारा वर्षं झाली. तिच्या थडग्याच्या दगडावर तिच्या नावाशेजारी बाबांचं नावही चिनी अक्षरांत तेव्हाच कोरून घेतलं. माणूस जिवंत असेतो त्याच्या नावाच्या खाचेत लाल रंग भरतात, गेला की काळा. दर एप्रिलमध्ये, थडगी झाडायच्या दिवशी, तो लाल रंग मीच नव्यानं भरते. बाबा तोंड फिरवून नदीकडे बघत उभे राहतात. ब्रश त्यांनी कधी हातात धरला नाही.

"धुऊन टाक म्हणजे? तुम्ही जिवंत आहात की नाही?"

"मी आहे. ते लाल नको."

औषधांनी डोकं जड झालंय त्यांचं. मी विषय बदलला.

शनिवार, २३ फेब्रुवारी

सकाळच्या गाडीनं लंडन, संध्याकाळी परत. लाइमहाउसमध्ये चिनी म्हणावं असं काय उरलंय, तर रस्त्यांच्या पाट्या. अमॉय प्लेस, कॅन्टन स्ट्रीट, मिंग स्ट्रीट. पाट्या आहेत, माणसं नाहीत. आमच्याकडे उलटं. पिट स्ट्रीट बॉम्बमध्ये गेला, पण माणसं उठून नेल्सन स्ट्रीटला गेली आणि दुसऱ्या आठवड्यात तिथे त्यांच्या धोबीखान्यांच्या इस्त्र्या तापल्या.

पेनीफील्ड्सच्या कोपऱ्यावर मिसेस ऑगडन नावाची एक म्हातारी भेटली. ऐंशीच्या घरातली, जन्मापासून तिथलीच. म्हणाली, "आमच्या लहानपणी मोटारी भरभरून सहली यायच्या, अफूचे अड्डे बघायला. अड्डे कुठले, बिचारे डॉमिनो खेळत बसलेले. पण पाहुणे हिरमुसले तर वाईट दिसतं ना, म्हणून दोघं उठून खोटंखोटं भांडायचे. एक चाकू दाखवायचा. बायका किंचाळल्या की चाकू ठेवून परत डॉमिनो."

"आणि मेल्यावर त्यांना कुठे नेत?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "हे आजवर कोणी विचारलं नाही, बाई." तिलाही माहीत नव्हतं.

तक्त्याला चार रकाने केलेत. खलाशांची बोर्डिंगं, धोबीखाने, बायका, मेलेले. चौथा बाबांचा.

रविवार, ३ मार्च

आज लुम घराण्याचं नव्या वर्षाचं जेवण होतं. या गावात लुम आडनावाचे जेवढे आहेत तेवढे सगळे एका छताखाली. आम्हीही लुम, पण बाबा कधीच गेले नाहीत. मी लहानपणी रडायचे, कारण तिथे पैशांची लाल पाकिटं मिळत. बाबा म्हणायचे, "मला गर्दी सोसत नाही." आणि हाच माणूस मोय आडनावाच्या कोणाची अंत्ययात्रा निघाली की पावसातही मागे, सर्वांत शेवटी, टोपी हातात घेऊन चालायचा. तेव्हा गर्दी बरी सोसायची.

मोयांवर त्यांचं प्रेम असावं म्हणावं, तर तसंही नाही. हे लिहू की नको? वही माझीच आहे. १९६२ साली मी वीस वर्षांची होते. रेमंड मोय गोदीत सुतारकाम करायचा. त्याचीही आई माझ्या आईसारखी इथलीच, आयरिश. त्यानं रीतसर येऊन बाबांना विचारलं, संत्री घेऊन. बाबांनी संत्री परत केली. कारण विचारलं तर भिंतीकडे बघत बसले. आई म्हणाली, "बाबांचं ऐक, नोरीन. का म्हणून विचारू नकोस." वर्षभर मी बापाशी बोलले नाही. रेमंडनं पुढे लग्न केलं, आता नदीपलीकडे बर्कनहेडला त्याचं मासे-बटाट्याचं दुकान आहे. मी नाही केलं. पुस्तकांवर क्रमांक घालत बसले.

राग अजून गेलेला नाही, हे आज जेवणाच्या आवाजावरून कळलं. समोरच्याच इमारतीत चाललं होतं.

गुरुवार, १४ मार्च, रॉटरडॅम

शेजारच्या मिसेस ड्वायरला तीन दिवस बाबांवर लक्ष ठेवायला सांगून आले. कुठे चाललीस, विचारलं बाबांनी. रॉटरडॅम म्हटल्यावर त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "काटेनड्रेख्ट म्हणजे पाण्यात घुसलेली जीभ आहे. तिन्ही बाजूंनी जहाजं दिसतात नि एकावरही घेत नाहीत." ते तिथे होते, हे मला आजवर माहीत नव्हतं. बाबा हाँगकाँगहून थेट लिव्हरपूलला आले, अशी घरातली गोष्ट. कागदपत्रंही तेच सांगतात.

दिवसभर डेलीस्ट्राट, आत्येस्ट्राट हे रस्ते पालथे घातले. युद्धाआधी इथे शेकड्यांनी चिनी खलाशी बेकार होऊन अडकले होते. पोटासाठी शेंगदाण्याच्या वड्या करून पुलांवर विकायचे. गळ्यात पत्र्याचा डबा, त्यात वड्या. नगरपालिकेच्या दफ्तरात त्यांचे फोटो बघितले. थंडीत उभी असलेली माणसं, कोणाच्या अंगात धड कोट नाही. बाबा शेंगदाण्याला हात लावत नाहीत. मला वाटायचं, दातांमुळे.

एक गोष्ट लक्षात येतेय. तीन मोहल्ले म्हणून मी तुलना करतेय, पण बोर्डिंगांच्या याद्यांत तीच तीच माणसं दिसतात. एक वर्ष लाइमहाउस, मग इथे, मग लिव्हरपूल. त्यांच्या लेखी हा एकच रस्ता असणार, मध्ये पाणी असलेला.

शुक्रवार, १५ मार्च, रॉटरडॅम

चौथ्या रकान्यासाठी क्रोसवाइकच्या दफनभूमीत गेले. तिथले कारकून वेसेल्स, साठीचे, नाकावर चष्मा, अत्यंत सभ्य. म्हणाले, "चिनी थडगी होती बरीच. आमच्याकडे जागा मुदतीवर देतात. मुदत संपली आणि कोणी विचारलं नाही की जागा मोकळी करतात. आता एकच उरलंय. त्याचीही मुदत तीस जूनला संपते."

छोटा करडा दगड. चार-सहा चिनी अक्षरं काळ्या रंगात, खाली रोमन लिपीत: मोय वा-सिक, १९११–१९३७. दगडाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी बांधली होती, हक्कदारानं कचेरीत यावं म्हणून.

"हक्कदार कोण?"

वेसेल्सनी फाइल काढली. हक्कदार: एच. सी. लुम, लिव्हरपूल. आमचा पत्ता. लुम हॉय-चाऊ, माझे बाबा. १९५१ साली एक पत्र आणि १९७१ साली एक, दोन्ही मुदत वाढवून मागणारी. आणि दोन्ही पत्रांतलं अक्षर माझ्या आईचं.

मी खुर्ची मागून घेतली नि बसले. आईच्या इंग्रजी 'g'ला ती खाली जी शेपटी काढायची ती तशीच होती. चाळीस वर्षं माझ्या घरातून या दगडासाठी पत्रं जात होती आणि मला गंधवार्ता नव्हती. त्यातून हा मोय. माझा मोय दारातून परत पाठवायचा आणि स्वतःचा मेलेला मोय चाळीस वर्षं सांभाळायचा. फार संतापले मी. वेसेल्सनी मुदतवाढीचा फॉर्म दिला, तो घडी घालून घेतला. दगडाचा फोटो काढला.

मंगळवार, १९ मार्च

बाबांना फोटो दाखवला. मी भांडायच्या तयारीनंच बसले होते. त्यांनी चष्मा मागितला, फोटो खिडकीकडे धरला, अंगठ्यानं अक्षरांवरून हात फिरवला.

"रंग कोणता आहे गं? नीट दिसत नाही."

"काळाच. मेलेल्या माणसाचा दुसरा कोणता असणार?"

त्यांनी फोटो पालथा ठेवला नि भिंतीकडे वळले. मग मला भांडता येईना.

संध्याकाळी तोच फोटो घेऊन ताम काकांकडे गेले. ताम काका इथल्या चिनी संघाचे चिटणीस. अर्ध्या गावाची पत्रं त्यांनी वाचून दाखवलीत. भिंग घेऊन म्हणाले, "मोय वा-सिक. तायशान जिल्हा, गाव शेक हांग."

"शेक हांग तर बाबांचं गाव. पुढे तळं, मागे बांबूचं बन. लहानपणी रोज ऐकलंय मी."

काका हसले. "शेक हांगमध्ये सगळे मोयच. तळ्यातला बेडूक धरलास तर तोही आपलं आडनाव मोय सांगेल. आमच्याकडे एका गावात एकच घराणं असतं."

"मग आम्ही लुम तिथे कुठून आलो?"

काकांनी भिंग खाली ठेवलं. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग किटली उचलून माझा पेला पुन्हा भरला, तो भरलेलाच होता.

"नोरीन, चहा निवतोय. घे आधी."

येताना सगळा उलगडा झाला. बाबा लहानपणी त्या मोयांच्या गावात कोणाच्या तरी आश्रयानं वाढले असणार, परके म्हणून. मोयांनी छळलं असेल. एकानंच काय ती माया केली असेल, तो हा वा-सिक. म्हणून त्याचा दगड जपला आणि बाकी मोयांवर दात ठेवला, तो रेमंडला लागला. अगदी ठाकठीक बसतं. इतकी वर्षं हे मला सुचलं कसं नाही, कोण जाणे. ताम काकांनी निघेपर्यंत आणखी दोनदा पेला भरला, वय झालंय त्यांचंही.

रविवार, २४ मार्च

मला काहीही सुचलेलं नव्हतं. जे घडलं तेच लिहिते.

दुपारी बाबांना उशी लावून बसवलं आणि वेसेल्सचा फॉर्म पुढ्यात ठेवला. म्हटलं, सही करा, म्हणजे तुमच्या मित्राचा दगड राहील. मीच एकेक रकाना भरत होते. हक्कदाराचं नाव, पत्ता. मग आलं, मृताशी नातं.

"नातं काय लिहू? मित्र?"

बाबा बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. म्हणाले, "लिही, स्वतः."

"स्वतःचं नाही हो विचारत. तो जो मेलाय, तो तुमचा कोण?"

"मेला तो लुम. लुम हॉय-चाऊ. मी वा-सिक."

पेन माझ्या हातातच होतं.

एका दमात सांगवलं नाही त्यांना. चार वेळा थांबले. काटेनड्रेख्टच्या बोर्डिंगात सदतीस सालच्या जानेवारीत दोघं एका फळीवर झोपायचे, एकाच डब्यातल्या वड्या विकायचे. लुमचा जन्म हाँगकाँगचा, त्यामुळे त्याच्याकडे इंग्रजांचे कागद. बाबांकडे काहीच नाही; पोलीस उचलून जहाजात घालत होते, परत चीनला. लुमला क्षय झालेला. तोच म्हणाला, मी गेलो की माझे कागद घे, तुझं नाव मला दे. मेल्यावर मला कोण हाकलणार? बोर्डिंगच्या मालकानं डॉक्टरला सांगितलं, मेलेल्याचं नाव मोय वा-सिक.

"कागदावर फोटो होता ना?"

"होता की. त्याचा. साहेबानं फोटो बघितला, मला बघितलं, नि शिक्का मारला. आपण सगळे त्यांना सारखेच." इतकं बोलून त्यांना हसू आलं, नि हसण्याचा खोकला झाला. पाणी दिलं.

मग मी विचारलं. विचारणारच होते. "आणि रेमंड?"

"तो मोय. तू मोय. एका नावाची पोरं म्हणजे भाऊ-बहीण. शंभर पिढ्या झाल्या तरी. मी कसा देणार?"

"मग सांगायचं होतं मला."

"तू रागीट. रागात रस्त्यात बोलली असतीस. कोणाच्या कानावर गेलं असतं की मला नेलं असतं."

ते खोटं नाही. सेहेचाळीस साली या गावातल्या किती चिनी खलाशांना सरकारनं गुपचूप उचलून जहाजात घातलं. माझ्या वर्गातल्या तिघींचे बाप सकाळी कामाला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. आमच्याही दारावर थाप पडली होती. मी चार वर्षांची होते. त्या माणसानं कागद बघितले, हाँगकाँगचा जन्म बघितला आणि टोपीला हात लावून गेला. म्हणजे मला बाप उरला तो लुमच्या नावावर. आणि रेमंड गेला तो मोयांच्या नावावर.

मी कोट घालून बाहेर पडले, गोदीपर्यंत चालत गेले नि परत आले. मरायला टेकलेल्या माणसावर इतका राग येऊ नये. मला आला. बासष्ट सालीच सांगितलं असतं तर मी रडले असते, ओरडले असते, पण निदान हे कळलं असतं की माझ्यात किंवा रेमंडमध्ये काही खोट नव्हती.

परत आले तेव्हा ते जागे होते, मी गेले तशीच फॉर्मवर नजर. म्हणाले, "तो तिकडे माझ्या नावाखाली पडलाय. इथे त्याचं नाव लाल करून ठेवलंय, तो मेलेला असून. तिकडे माझं काळं, मी जिवंत असून. दोघांचंही चुकीचं झालं, पोरी."

मी अजून रागात होते, फॉर्म उचलून पिशवीत टाकला.

शुक्रवार, ५ एप्रिल, रॉटरडॅम

आज थडगी झाडायचा दिवस. बारा वर्षांत पहिल्यांदा आईच्या दगडाकडे गेले नाही. ताम काका म्हणाले, "तिकडचं मी बघतो. तू जिथे जायचंय तिथे जा." त्यांना सगळं केव्हाच कळलं होतं, त्या चहाच्या वेळीच.

पिशवीत लाल रंगाची डबी, बारीक ब्रश, उकडलेली कोंबडी, तीन संत्री आणि एक शेंगदाण्याची वडी. वडी बाबांनी मिसेस ड्वायरकडून करवून घेतली, तिला पाक कसा करायचा ते पलंगावरून सांगत. "लुमला दे," म्हणाले. "म्हणावं, मी अजून खात नाही."

दगडापुढे गुडघे टेकून रंगाची डबी उघडली तर वेसेल्स लगबगीनं आले. "बाई, माफ करा, पण हे काय करताय?"

"रंग बदलतेय. हे गृहस्थ जिवंत आहेत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे ते मृत आहेत."

"तुमची नोंद तशीच असू द्या. मी फक्त रंग भरते."

ते कचेरीकडे वळले. मला वाटलं, शिपायाला बोलावणार. आत गेले नि गुडघ्याखाली घ्यायला एक जाड चटई घेऊन आले.

मी दर वर्षी लुमचं नाव भरत आले, तर ब्रश आपोआप त्याच वळणानं जायला बघत होता. हे नाव वेगळं. पहिलं अक्षर 'मोय', माझं आडनाव. मोजल्या, अकरा रेघा आहेत त्यात. एकोणपन्नासाव्या वर्षी मी स्वतःचं आडनाव पहिल्यांदा लिहिलं, तेही खाचेतून, दुसऱ्यानं कोरलेलं. एका ठिकाणी रंग बाहेर ओघळला. तो बोटानं पुसला. जुना काळा रंग थोडा वर येत होता म्हणून दोनदा हात मारला.

मग वडी ठेवली. म्हटलं, लुम काका, ही घ्या, तुमच्या कागदांवर मी मोठी झाले. इंग्रजीत बोलले, मला दुसरी भाषा कुठे येते. रडूही तिथेच आलं.

कचेरीत फॉर्म पुरा केला. 'स्वतः' हे वेसेल्सना चालेना, नियमात बसत नाही म्हणाले. ते खोडलं, हक्कदाराच्या जागी माझं नाव घातलं आणि नात्याच्या जागी 'मुलगी' लिहिलं. आणखी वीस वर्षं मिळाली. खालच्या मोकळ्या जागेत लुम हॉय-चाऊ हे नाव काळ्यात कोरायलाही सांगून आले. झटपट निघणारा फोटो काढला, लाल अजून ओलं होतं.

रविवार, ७ एप्रिल

बाबांना फोटो दिला. या वेळी चष्मा मागितला नाही. "लाल आहे," एवढंच म्हणाले. खिडकीच्या चौकटीत उभा करून ठेवायला लावला, पलंगावरून दिसेल असा.

मग म्हणाले, "वाच."

"मला वाचता कुठे येतं?"

"येतं आता. वाच."

मी म्हटलं, "मोय वा-सिक."

"हं," बाबा म्हणाले. हाक मारल्यावर देतात तशी ओ दिली त्यांनी. चौपन्न वर्षांत त्यांना त्या नावानं कोणी हाक मारली नसेल. आई बंद दाराआड मारत असेल तर माहीत नाही. मारत असावी, असं मला वाटायला लागलंय.

आणखी तीनदा वाचायला लावलं. चारही वेळा ओ दिली.

मंगळवार, १६ एप्रिल

बाबा आज सकाळी नऊ वाजता गेले. मी पेज घेऊन येत होते. अकरा दिवस त्यांचं नाव लाल होतं.

गुरुवार, १८ एप्रिल

आमच्यात शवपेटी घराण्याची माणसं खांद्यावर घेतात, सहा जण. लुम घराण्याचे वडील स्वतः आले होते. ताम काकांनी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. ते परत येऊन मला म्हणाले, "आमचा माणूस रॉटरडॅमला आहे, त्याला तुम्ही सांभाळलंत. आम्ही मागून चालू. पुढे मोय लागतील." मग मोय आणायचे कुठून, हा प्रश्न. गावात म्हातारे मोय तीन, एकाला काठी लागते.

म्हणून बोटीनं बर्कनहेडला गेले. एकोणतीस वर्षांत त्या दुकानाच्या रस्त्यानंही कधी गेले नव्हते. रेमंड टकला झालाय. मला पाहून त्याचा झारा तेलावरच थांबला. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी काचेशी उभी राहिले, मग सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच.

तो मासे उलटत राहिला. म्हणाला, "मला वाटायचं, सुतार जावई नको होता त्यांना."

"मलाही काही भलतंच वाटायचं."

"म्हणजे आपण..."

"हो."

त्यानं मासे निथळायला ठेवले. हात पुसले, पुन्हा पुसले. "किती माणसं लागतील?"

"सहा."

"माझे दोन मुलगे आहेत. पुतणे दोघं. मी. एक मेव्हणा मोय नाही, पण धिप्पाड आहे."

"मोयच हवेत, रेमंड."

"मग वॅलसी गावातल्या चुलतभावाला उचलून आणतो. सोमवारी किती वाजता?"

सोमवार, २२ एप्रिल

पाऊस नव्हता. सहा मोय होते. पुढे डावीकडे रेमंड, काळा कोट त्याला पोटावर घट्ट होत होता. लुम मागून चालले, चाळीसेक असतील. सर्वांत शेवटी, टोपी हातात घेऊन चालायची बाबांची जागा मोकळी होती. ताम काका मुद्दाम तिथे जाऊन चालले.

आईच्या दगडावर लुमचं नाव आता काळं आहे. त्याखाली गवंड्यानं मोय वा-सिक कोरलंय, तेही काळं. क्रोसवाइकचं लाल तसंच आहे. वेसेल्सना लिहायला हवं की आता ते बदलायला येईन. अजून लिहिलेलं नाही. घाई काय आहे?

पेटी खाली सोडली. पहिली माती रक्ताच्या माणसानं टाकायची. मी पुढे होईना. सगळे थांबले होते, आणि मला आपली जागा कोणती तेच कळेना, इतकी वर्षं लुमांच्या रांगेत उभं राहायची सवय. तेव्हा रेमंड मोयांच्या रांगेतून बाहेर आला, माझ्या कोपराला हात लावला.

"ताई," तो म्हणाला, "आधी तू."

"हं," मी म्हटलं, आणि खाली वाकून मूठभर माती घेतली.